जयसिंग वायरमनचं डेंजर

आमच्या शेजारचा जयसिंग वायरमन सगळ्याला डेंजर म्हणतो. मिसळीचा कट झणझणीत झाला, डेंजर. त्याच्या पोरीला बारावीत ऐंशी टक्के पडले, तर माझ्या तोंडात पेढा कोंबून म्हणाला, "पोरगी डेंजर हाय की!" माझी आत्या वारली तेव्हा भेटायला आला आणि चारचौघांत म्हणाला, "म्हातारी लई डेंजर हुती." मी त्याला बाहेर ओढून झापला. "बाबा, इंग्रजीत त्याचा अर्थ धोका! खांबावरची पाटी तूच लावतोस न्हवं?" तर म्हणतो, "पाटी वेगळी, माणूस वेगळं."

आणि आवाज असा, की माझी पिठाची गिरण चालू असली तरी त्याचं घरातलं भांडण मला इकडं ऐकू येतंय.

परवा वळीव झोडपून गेला आणि गिरणीपुढंच विजेची तार तुटून पडली. रस्त्यात घोट्याएवढं पाणी, तार त्यातच. मी गिरण बंद करून पायरीवर चढलो. जयसिंग पळत आला. सप्लाय बंद करा म्हणून त्यानं फोन केला, पण त्याला दोन मिनिटं लागणार होती. तेवढ्यात पाण्याच्या पलीकडनं गल्लीतली चिमणाबाई आली, म्हशीचं दावं धरून, खाली मान घालून.

"ए मावशे! थांब! डेंजर हाय!" जयसिंग बोंबलला.

"व्हय रं, तुझं कवा नसतंय?" म्हणत ती चालतच राहिली.

"अगं, लई डेंजर!"

"काल माझ्या म्हशीला बी डेंजर म्हटलास. दृष्ट लावलीस मेल्या, दूध आटलं तिचं!"

पाण्याला दहा पावलं राहिली होती. खोटं कशाला सांगू, भीतीनं माझ्या तोंडातनं आवाज फुटेना. जयसिंगचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यानं दोन्ही हात जोडले आणि अगदी हळू म्हणाला,

"चिमणाबाई, आपण कृपया तिथंच थांबता का?"

चिमणाबाई जागच्या जागी थिजली. म्हैस मागनं येऊन धडकली, तरी बाई हलली नाही. आमच्याकडं इतकं मऊ कोण बोलतंय? दवाखान्यातला डॉक्टर, ते बी वाईट सांगायचं असलं तरच.

"जयसिंग्या," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "कोण गेलं रं?"

"अजून कोण न्हाय," तो म्हणाला आणि मटकन चिखलात बसला.