टिपणीससाहेबांचं डोंगरातलं घर

टिपणीससाहेब कुठेही बसण्याआधी खुर्ची पुसायचे. शर्टाच्या खिशात ओल्या टिश्यूंचं छोटं पाकीट कायम असे. ऑफिसची खुर्ची असो, हॉटेलातलं बाकडं असो की कोणाच्या घरचा सोफा, आधी बसायची जागा पुसायची, मग पाठ टेकायची जागा पुसायची आणि मगच बसायचं. काळा झालेला टिश्यू मात्र हाताला लागेल तिथे कोंबायचे. कुंडीत, दुसऱ्याच्या उष्ट्या कपात, माझ्या गाडीच्या दाराच्या खणात. मस्कतच्या मवालेह बाजारात एकदा त्यांनी तो एका विक्रेत्याच्या डाळिंबांच्या खोक्यात दोन फळांच्या मधे सारला. "आपल्याला घाण चालत नाही हं, परकार," साहेब मला म्हणाले आणि पुढच्या गाळ्याकडे वळले.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातून मस्कतला आलेला, पाण्याच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. आमची कंपनी पिण्याचं पाणी तपासायची आणि सांडपाणी शुद्ध करायचे प्रकल्प चालवायची. त्या सांडपाणी विभागाचे टिपणीससाहेब प्रमुख. माझ्यावर त्यांचा जीव होता. अब्बा गेल्याचा फोन आला त्या दिवशी सुट्टीचा कागद घेऊन ते स्वतः अर्बाबच्या, म्हणजे कंपनीच्या मालकाच्या, घरी गेले, सही आणली आणि मला विमानतळावर सोडलं. रमजानात त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, इफ्तारीला साबुदाण्याचे वडे पाठवायच्या, गणपतीत मला आवर्जून जेवायला बोलवायच्या. हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगायला लागलो की हे आठवेनासं होतं.

साहेब मस्कतमधल्या अल हैलला राहायचे. फ्लॅट चांगला होता, समुद्र जवळ होता, पण त्यांना चैन नव्हतं. "मी काय म्हणतो, परकार, माणसाला शांतता पाहिजे. इथे मला स्वतःचा श्वास ऐकू येत नाही." हे वाक्य मी त्यांच्याकडून जेवताना, मीटिंगमध्ये, गाडीत, सगळीकडे ऐकलं. मग २०१३ च्या आसपास जबल अखदरच्या डोंगरांच्या बाजूला आमचं पाणी तपासायचं काम निघालं. साहेब सहज म्हणून माझ्याबरोबर आले आणि तिथल्या एका लहानशा गावाच्या प्रेमात पडले.

गावाचं नाव मी सांगत नाही. उतारावर दगडमातीची तीसेक घरं, खाली पायऱ्यापायऱ्यांची डाळिंबाची आणि गुलाबाची शेतं. वर कड्याच्या पोटात एक झरा, आणि त्यातून निघून गावभर फिरणारा दगडी पाट. या पाटाला तिकडे फलज म्हणतात. फलजचा एक नियम सगळं गाव पाळायचं. पाट गावात शिरतो तिथलं पाणी फक्त पिण्यासाठी. मग मशिदीपाशी वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, त्याच्या खाली अंघोळ, आणखी खाली कपडे, आणि सगळ्यात शेवटी शेत. मी कामानिमित्त बरीच पाणी-योजनांची गावं पाहिली होती, पण पाण्याला इतकं जपणारं दुसरं पाहिलं नव्हतं.

तिथल्या खलफान नावाच्या म्हाताऱ्यांचं एक घर रिकामं होतं. त्यांचा भाऊ कुटुंबासकट मस्कतजवळ अल अमेरातला राहायला गेला होता. मी खलफानना 'अम्मी' म्हणायचो. अरबीत त्याचा अर्थ काका. टिपणीससाहेबांना ते पहिल्यांदा ऐकून हसू आवरेना. "दाढीवाल्या माणसाला अम्मी म्हणतोस?" साहेबांना अरबी येत नव्हतं आणि म्हाताऱ्यांना अरबीखेरीज काही येत नव्हतं, त्यामुळे दोघांच्या मधे मी बसलो.

अम्मी खलफान म्हणाले, "घर पाच वर्षांसाठी देतो. बंद घर मरतं, त्यापेक्षा त्यात कोणी राहावं. एकच अट आहे. घर पाटाच्या वरच्या अंगाला आहे. संडास खालच्या वाटेवर आहे, थोडं चालावं लागेल, तोच वापरा. वरच्या अंगाला खड्डा काढायचा नाही."

मी सांगितलं. साहेबांनी छातीवर हात ठेवला. "सांग त्यांना, माझं आयुष्य या कामात गेलंय. हे मला सांगावं लागत नाही. आम्ही घरच्यासारखे राहू."

मी ते अरबीत सांगितलं, तेही जरा सजवून. 'यांना पाण्याचं तुमच्याइतकंच कळतं,' असं वरून माझ्या पदरचं जोडलं. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. साहेबांकडे नाही, माझ्याकडे.

पहिलं वर्ष छान गेलं. साहेब आणि वहिनी गुरुवारी दुपारी गाडी काढायचे आणि शनिवारी संध्याकाळी परतायचे. साहेबांनी छप्पर नीट करून घेतलं, भिंती सारवून घेतल्या. अम्मी खलफानची बायको दाराशी डाळिंबं ठेवून जायची. पण साहेबांना कौतुक करणारी माणसं लागायची. हळूहळू ऑफिसातले, मराठी मंडळातले, मुंबईहून आलेले असे पाहुणे यायला लागले. एका शुक्रवारी मी गेलो तेव्हा अंगणात चौदा माणसं होती. स्पीकर चालू होता. दोन बायका पिण्याच्या पाटात मटणाची पातेली घासत होत्या आणि तेलाचा तवंग मशिदीकडे चालला होता. मी साहेबांच्या कानाशी लागलो. "अरे, वाहतं पाणी आहे," ते म्हणाले. "वाहत्या पाण्याला काही होत नाही. तू इतका शिकलेला माणूस." मी पातेली उचलून खाली नेली. बायकांना वाटलं मी मदत करतोय. त्यांनी माझे आभार मानले.

पाहुण्यांना खालच्या वाटेवरचा संडास आवडत नव्हता. अंधारात उतरायचं, विंचवाची भीती, शिवाय तो जुन्या पद्धतीचा. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा घराच्या मागे, वरच्या अंगाला, मस्कतहून आणलेले दोन मजूर खणत होते. अम्मी खलफान काठी टेकून उभे होते.

"काय चाललंय?" त्यांनी मला विचारलं.

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "सांग, पावसाचं पाणी साठवायची टाकी."

खड्ड्याच्या तळाला सिमेंट नव्हतं. मोकळे दगड रचले होते. भिंतीतून चार इंची पाइप बाहेर आला होता. पावसाचं पाणी छपरावरून येतं, घराच्या आतून नाही. हे कळायला माझं शिक्षण लागत नाही, आणि साहेबांचं तर नाहीच. आपल्या प्रकल्पांवर असा खड्डा पाण्यापासून इतका जवळ कोणी काढला असता तर त्यांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता.

मी अम्मींना म्हणालो, "पावसाच्या पाण्याची टाकी आहे."

"चांगलं आहे," ते म्हणाले, आणि काठी टेकत उतरून गेले.

मी तसं का म्हणालो याची कारणं मी नंतर बरीच शोधली. साहेबांचे उपकार, माझी नोकरी, पाहुण्यांसमोर त्यांची शोभा नको. कुठलंही कारण पकडलं तरी किळस कमी होत नाही. त्या दिवशी परतताना वहिनी गाडीत मागे बसल्या होत्या. साहेब सांगत होते की हिच्या गुडघ्यांसाठी करावं लागलं. वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी कधी तक्रार केली? मला खालचं चालत होतं." साहेबांनी गाण्याचा आवाज वाढवला.

सात-आठ महिन्यांनी अम्मी खलफान आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. डोंगरातून पुतण्याच्या गाडीतून आले होते. हातात गुलाबपाण्याची धुतलेली बाटली, तिच्यात पाटाचं पाणी. गावात घरोघरी जुलाब चालू होते. त्यांची बायको निजवाच्या इस्पितळात होती, सलाइनवर. "गावकरी म्हणतात हवा बदलली," ते म्हणाले. "तू पाण्याचा माणूस आहेस. तू बघ."

अशा बाटलीतल्या नमुन्यावर निकाल द्यायचा नसतो, म्हणून मी त्याच दिवशी त्यांच्याबरोबर वर गेलो आणि निर्जंतुक बाटल्यांमध्ये दोन नमुने घेतले. एक झऱ्याच्या तोंडाशी, एक साहेबांच्या घराच्या खाली. दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायला ठेवलेल्या काचेच्या बशा उघडल्या. झऱ्याची बशी स्वच्छ होती. दुसरीत मैल्यातल्या जंतूंचे ठिपके इतके दाट उठले होते की वेगळे दिसेनात. मी हात धुतले. परत धुतले. आमच्या कामात रोज हेच बघायचं असतं, तरी तिसऱ्यांदा धुतले.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो, दार लावलं आणि सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"शेळ्या आहेत त्यांच्या," ते म्हणाले. "गाढवं आहेत. रिपोर्टमध्ये 'जनावरांमुळे' लिही. त्यांनाही बरं, आपल्यालाही बरं."

"साहेब, झऱ्याचं पाणी स्वच्छ आहे. शेळ्या वरही चरतात."

"मी काय म्हणतो, परकार, किती वर्षं ओळखतोस मला? हा करार मोडला तर मला त्रास होईल. तिथली शांतता माझं औषध आहे."

"अम्मींच्या घरच्या काकू इस्पितळात आहेत," मी म्हणालो.

"मग त्यांना फळं पाठवू ना आपण," साहेब म्हणाले. ते मनापासून म्हणाले. हे मला आजही सगळ्यात घाणेरडं वाटतं. त्या माणसाच्या आवाजात कपट नव्हतं. फळं पाठवली की झालं, असं त्यांना खरंच वाटत होतं.

शुक्रवारी आम्ही दोघं गावात गेलो. अम्मी खलफानच्या बैठकीत आठ-दहा पुरुष बसले होते. साहेबांनी गालिच्याचा कोपरा पुसून घेतला आणि बसले. मग त्यांनी दहा मिनिटं भाषण केलं. जनावरं, उघडा पाट, बदलतं हवामान, गावाने आता नळाचं पाणी घ्यावं, हवी ती मदत मी करतो. "सांग," ते मला म्हणाले.

मी अरबीत म्हणालो, "साहेब म्हणतात, जनावरांमुळे झालं. मी म्हणतो, टाकीमुळे झालं. ती पावसाच्या पाण्याची नाही. संडासाची आहे."

बैठकीत कोणी आवाज चढवला नाही. रिवाजाप्रमाणे अम्मी खलफाननी खजूर पुढे केले आणि काहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतला. साहेबांना हायसं वाटलं. त्यांना वाटलं, निभावलं. कप हातात घेऊन ते माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "विचार जरा, हा फलजच्या पाण्याचा नाही ना?"

मला ते अरबीत सांगायची गरज पडली नाही. 'फलज' शब्द सगळ्यांना कळला होता आणि साहेबांनी कप ओठांपासून लांब धरला होता, तेही सगळे बघत होते.

"टँकरचं आहे," अम्मी खलफान म्हणाले. "पी."

साहेब प्याले. दोन कप.

खड्डा उपसून बुजवला गेला. करार तिथेच संपला. साहेबांनी घर रिकामं करताना आपण बसवलेले दिवेही काढून नेले आणि भिंतीतून वायरी लोंबत ठेवल्या. काकू अकरा दिवसांनी घरी आल्या, पण त्यानंतर त्या कधी शेतापर्यंत उतरल्या नाहीत. चार पावलं चालून बसायच्या.

पाणी स्वच्छ झाल्यावर मी पुन्हा नमुने घ्यायला गेलो तेव्हा अम्मी खलफान माझ्याबरोबर पाटाच्या कडेने चालत होते. ते म्हणाले, "तो खणत होता तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी काठीने पाटातलं एक पान बाजूला केलं. मग म्हणाले, "दर महिन्याला येऊन पाणी बघत जा. तुझ्या जिभेवर आता माझा भरवसा नाही. बशीवर आहे." मी ओमान सोडेपर्यंत दर महिन्याला जात राहिलो.

मस्कतच्या आमच्या लोकांत साहेबांनी वेगळीच हकीकत पसरवली. पैसे ओतून घर उभं केलं आणि त्या डोंगरी लोकांनी हाकललं, अशी. माझ्याविषयी ते एवढंच म्हणायचे, "शेवटी तो त्यांचाच निघाला." मला हे तिसऱ्याच माणसाने सांगितलं, हसत हसत. त्या वर्षी गणपतीचं बोलावणं आलं नाही. वहिनींनी मात्र ड्रायव्हरबरोबर डब्यात मोदक पाठवले. वर चिठ्ठी नव्हती. मी डबा धुऊन परत पाठवला, त्यात काय घालावं ते मला सुचलं नाही.

साहेब निवृत्त होऊन पुण्याला गेले. वर्षभर काही कळलं नाही. मग एका दुपारी फोन आला, आवाज तोच, प्रेमळ. मधलं काही घडलंच नव्हतं अशा थाटात त्यांनी माझी, बायकोची, मुलांची चौकशी केली. मग म्हणाले, "अरे, पुण्यापासून दोन तासांवर डोंगरात एक घर मिळालंय. दहा वर्षांच्या भाडेकराराने. घरापासून खाली ओढा आहे. काय सांगू तुला, पाखराशिवाय आवाज नाही. ये एकदा. आता पाहुण्यांसाठी मागे दोन खोल्या काढतोय."

"गाव पाणी कुठलं पितं, साहेब?"

"त्याच ओढ्याचं. छान गोड पाणी आहे."

मी गावाचं नाव विचारलं. त्यांनी आनंदाने सांगितलं, अक्षर न् अक्षर फोड करून, रस्ता कसा यायचा तेही सांगितलं.

तिथल्या सरपंचबाईंचा नंबर मिळवायला मला दोन दिवस लागले. शेतातून बोलत असाव्यात, मागे पंपाचा आवाज होता. मी माझं नाव सांगितलं, काम सांगितलं आणि म्हणालो, "ओढ्याच्या वरच्या घरात जे नवे भाडेकरू आलेत, ते मागे बांधकाम काढतायत. संडासाचा पाइप कुठे सोडतायत ते स्वतः उभ्या राहून बघा. टाकी आहे म्हणाले तर झाकण उघडायला लावा."

बाईंनी कोणाला तरी पंप बंद करायला सांगितला. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

"मित्र," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. फोन ठेवला तेव्हा तोंडात कडू चव आली होती, ती संध्याकाळच्या जेवणापर्यंत गेली नाही.