मागच्या दाढा

तेलगावच्या बन्सीला घोड्याचं तोंड दाखवलं की तो वय सांगतो. अंगठ्यानं ओठ वर सारायचा, पुढच्या दातांतले काळे खळगे किती झिजलेत ते पाहायचं आणि ‘सात पुरी, आठवं लागलंय’ म्हणून ओठ सोडून द्यायचा. एकतीस वर्षांत हा अंदाज फारसा चुकलेला नाही. वरातीची घोडी आणि ही विद्या, दोन्ही बापानं मागं ठेवलेली. बन्सीच्या आधी त्यांच्या बौद्धवस्तीतल्या कुणाला गावातल्या बड्या शेतकऱ्यांच्या ओसरीवर खुर्ची मिळाल्याचं आठवत नाही. त्याला मिळाली, ती या दातांमुळं. हे तो बोलून दाखवत नाही, पण विसरतही नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्याची स्वतःची घोडी, कस्तुरी, खंगू लागली. कडबा चघळायची आणि अर्धवट चावलेला बोळा खाली टाकायची. मान तिरकी धरायची. लगाम ओढला की डोकं झटकायची. लीद काढायचं काम बायकोचं, मालनबाईचं. तिनं दोनदा सांगितलं, “लिदीत आख्खे हरभरे पडायलेत. तिच्या तोंडात कायतरी हाय.”

“घोड्याचं तोंड मला नको शिकवू.”

तरी त्यानं ओठ वर करून पाहिला. दात स्वच्छ होते, नऊ वर्षांच्या घोडीचे असावेत तसे. म्हणजे खोट घोडीच्या स्वभावात. माजलीय, असं ठरवून त्यानं तिला काटेरी लगाम चढवला.

धारूरच्या एका वरातीत कस्तुरीनं मान झटकली आणि करवलीच्या साडीवर लाल फेस उडाला. लोकांनी नवरदेवाला खाली उतरवून जीपमध्ये बसवलं. बँडवाला जीवन ढोल थांबवून म्हणाला, “बन्सीकाका, साऱ्या तालुक्याच्या घोड्यांचे दात बघता. घरच्या घोडीला वशिला लागतो का?” लोक हसले. बन्सीही हसला.

दुसऱ्या दिवशी मालनबाईनं त्याला न विचारता जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. डॉ. राजश्री आल्या. त्यांनी घोडीला गुंगीचं इंजेक्शन दिलं, जबडा उघडा राहावा म्हणून तोंडात लोखंडी चाप बसवला आणि टॉर्च लावून बराच वेळ आत पाहिलं.

“काका, हात घाला. गालाच्या बाजूनं, एकदम मागं.”

एकतीस वर्षांत त्याचा हात तिथवर गेला नव्हता. वय पुढंच कळतं. मागं जायची गरज पडली नव्हती. वरच्या दाढेची कड बोटाला कापलेल्या पत्र्यासारखी लागली. हात बाहेर काढला तर बोटावर रक्त होतं. मग त्यानं टॉर्चच्या उजेडात गालाची आतली बाजू पाहिली. जुने पांढरे वण, त्यांच्यावर ताज्या जखमा, जखमांत अडकून कुजलेला कडबा.

“घोड्याच्या दाढा वर येतच राहतात,” डॉक्टर म्हणाल्या. “कडेला झिजल्या नाहीत की अशी धार येते. घास चावला की गाल कापतो. लगाम ओढला की गाल त्याच धारेवर दाबला जातो. वर्षातून एकदा घासून घ्यायच्या, झालं.” त्यांनी पिशवीतून लांब दांड्याची कानस काढली. “हा काटेरी लगाम लावायला कुणी सांगितलं?”

“मीच.”

दाढा घासून होईपर्यंत मालनबाई घोडीचं डोकं धरून उभी होती.

आठवड्याभरात कस्तुरी भिजवलेला भरडा नीट खाऊ लागली. बन्सीला मात्र घास गोड लागेना. त्याच्या डोक्यात आता गावातल्या बड्या शेतकऱ्याची, राधाकिशनची, पांढरी घोडी होती. तीन वर्षांपूर्वी तीही असेच बोळे टाकायची, मान झटकायची. राधाकिशननं त्याला खास बोलावलं होतं. ओसरीवरच्या खुर्चीत बसून, दहा माणसांसमोर बन्सी म्हणाला होता, “तोंडाची खोडील हाय. इकून टाका.”

रविवारी तो राधाकिशनच्या घरी गेला. समोर आलेल्या खुर्चीत बसला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, काटेरी लगामासकट.

राधाकिशनची बायको वच्छलाबाई दारात आली. “मी तिला भाकर भिजवून चारायचे. तेवढीच खायची. तुमी म्हणलात, लाडावून ठेवलीय.”

“म्हणलो होतो, वैनी.”

“जाऊ द्या,” राधाकिशन म्हणाला. “आमाला तरी कुठं कळत होतं?”

त्यांना कळत नव्हतं म्हणूनच बन्सीला बोलावलं होतं. त्यानं विचारलं, “कुणाला दिलती?”

“परळीकडं, एका वीटभट्टीवर.”

नंबर राधाकिशनच्या मोबाईलमध्ये अजून होता. बन्सीनं स्वतःच्या फोनवरून लावला. पलीकडच्या माणसाला घोडी आठवायला थोडा वेळ लागला. “ती पांढरी? मेली की. एक उन्हाळाबी न्हाई काढला. खातच नव्हती. कावून, काय झालं?”

“काय न्हाई,” बन्सी म्हणाला आणि फोन ठेवला.

“काय म्हनला?” वच्छलाबाईनं विचारलं.

घोडी कुणीतरी पुढं विकत घेऊन गेलं, असं सांगता आलं असतं. बन्सीनं ऐकलं तसंच सांगितलं.