बारा जनावरं आणि एक वळू

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी सिरसाळ्याच्या अलीकडच्या फाट्यावर इतकी धूळ होती, की एस.टी. आली हे हॉर्नवरून कळलं आणि थांबली हे कंडक्टरच्या शिव्यांवरून. सामान म्हणजे दोन पत्र्याच्या पेट्या, एक बोचकं आणि माझी बायको कौसल्या हिच्या मांडीवरचा वरवंटा. पाटा गावातच राहिला, लई जड होता. पाट्याशिवाय वरवंट्यानं काय वाटणार, हे तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

खिडकीखाली अण्णा उभे होते. माझे वडील. आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि आम्ही निघाल्यावर घरात एकटा माणूस उरणार होता. मी शेवटचं म्हणालो, "चला की तुम्ही बी."

"जनावराचा आवाज नसलेल्या घरात मला झोप लागत न्हाई," अण्णा म्हणाले. "आन् बैल परत आले तर दार कोण उघडील?"

बैल म्हणजे त्याच उन्हाळ्यात बाजारात दिलेली जोडी. ती चारा असलेल्या मुलखात गेली होती, पण अण्णांचं ठाम मत असं, की शहाणा बैल कधी ना कधी दावं तोडून आपल्या गोठ्याकडं निघतोच. गाडी हलली तेव्हा ते आमच्याकडं बघत नव्हते. बैल येतील त्या रस्त्याकडं बघत होते.

जे मागं राहिले त्यांना तो दुष्काळ सांगायला नको. पण जे माझ्याआधीच बोचकं उचलून पुण्या-संभाजीनगराकडं गेले, त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीत बादली सोडली तर आतून आवाज यायचा, वर घ्या, खाली कुणी नाही. कावळे पाणी प्यायला परळीकडं उडायचे आणि परत येईस्तोवर पुन्हा तहानलेले असायचे. टँकर यायचा दिवस ठरलेला, पण टँकरला तो ठाऊक नसायचा. यात एखादी गोष्ट मी जास्तीची सांगितली असेल. कोणती, ते तुम्हीच शोधा.

गेवराईच्या बाजूला एका खेड्यात मला कापसाच्या सहकारी जिनिंगमध्ये वॉचमनची ड्युटी लागली. दोन खोल्या, मागं परसू आणि समोर हातपंप. पहिल्या दिवशी कौसल्येनं त्या पंपाला इतकं हापसलं, की शेजारीण बघायला आली, ही बाई घर धुतेय की गोदावरी उपसतेय. गावी आम्ही तोंड धुतलेल्या पाण्यात भांडी घासायचो. इथं ती रिकाम्या परसात पाणी शिंपडायची आणि मातीचा वास घेत उभी राहायची. तेवढ्यानं तिचं पोट भरायचं. माझं काही भरायचं नाही. पहाटे जाग यायची तेव्हा कुठंच कान हलवल्याचा आवाज नाही, घंटी नाही, शेणाचा वास नाही.

मग तिथल्या बायकांच्या कुक्कुटपालन सहकारी संस्थेनं घरटी बारा तलंगा वाटल्या. तलंगा म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. संस्थेच्या सुपरवायझर बाईंनी सगळं नीट समजावलं. जागा कोरडी ठेवा, पाणी रोज बदला, लस चुकवू नका, संध्याकाळी मुंगूस-मांजरापासून आत कोंडा. मी मान डोलावली आणि घरी येऊन तेच केलं जे आमच्या सात पिढ्यांनी केलं असतं. बारा सुतळ्या कापल्या, बारा खुंट्या ठोकल्या आणि एकेकीला दावणीला बांधलं.

सकाळी बघतो तर खुंट्या बाराच्या बारा जागेवर आणि कोंबडी एकच. बारा डोक्यांची. अशी वीण तर साडीवर सुद्धा मिळायची नाही. कौसल्या विळी घेऊन बसली आणि दुपारपर्यंत एकेक पाय मोकळा करत राहिली. "आवो, तुमी यांची धार बी काढणार होता का?" एवढंच म्हणाली. त्या गुंत्यात एक तांबडी पायानं जराशी लंगडी झाली, ती कायमची.

त्यानंतर मी शिकलो. सकाळी सोडायच्या, दिवसभर त्या परसू उकरणार, दिवस मावळायला आपल्या आपण आत. फुटकी डाळ, ज्वारीची कणी आणि थोडं संस्थेचं फीड. दोन महिन्यांत पहिलं अंडं आलं. ते मी जिनिंगमध्ये सगळ्यांना दाखवून आणलं. आकार काही सांगत नाही. एवढंच सांगतो, की कापसाच्या काट्यावर ते ठेवल्यावर काटा हलला.

आणि त्यानंतर दीडेक महिन्यानं मी अण्णांना ते पत्र लिहिलं.

गावाकडून निरोप बरे येत नव्हते. अण्णा शेजाऱ्याकडं एक वेळ जेवतात, दुसऱ्या वेळी दार लोटून बसतात, असं कळत होतं. तीनदा बोलावलं, तीनदा नाही म्हणाले. म्हणून मी लिहिलं, "अण्णा, आता आपल्याकडं बारा जनावरं झालीत. काही पांढरी, काही तांबडी. सकाळी सोडतो, सांजच्याला न हाकता घरी येतात. एक तांबडी पायानं लंगडी आहे. दाण्याला बरी आहेत, पण कडब्याला तोंड लावत नाहीत."

यातलं एक अक्षर खोटं असेल तर मला सांगा.

आठव्या दिवशी दुपारी एस.टी. आमच्या खेड्यासमोर थांबली आणि टपावरून कडब्याच्या पेंढ्या खाली पडू लागल्या. त्या दुष्काळात कडबा म्हणजे काय, ते गावाकडच्यांना कळेल. पाठोपाठ अण्णा उतरले. खांद्याला पिशवी, पिशवीत हळद, गूळ, ओवा, जवसाचं तेल आणि वर डोकावणारी बांबूची नळी. आजारी बैलाचं तोंड वर करून औषध पाजायची ती आमच्या घरची नळी. तिच्यातून अण्णांनी आख्ख्या पंचक्रोशीची जनावरं उभी केली होती.

पाणी सुद्धा न पिता त्यांनी विचारलं, "कुठं हायेत जनावरं? कडबा कावून खात न्हाईत? जीभ बघितली का?"

मी काही बोलायच्या आत लंगडी सोडून अकराच्या अकरा कोंबड्या धावत आल्या आणि कडब्यावर चढून बसल्या.

अण्णा त्यांच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. मग पुन्हा त्यांच्याकडं. माणूस मोजतो तसे त्यांचे ओठ हलले. "अकरा," ते म्हणाले. "बारावी लंगडी आसंल."

"अण्णा, ते..."

"काय बे, कडबा न्हाई खात व्हय?" त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "गल्लीत तोंड भरून सांगत आलोय मी. पोराच्या दारात बारा जनावरं हायेत म्हणून. ह्या पेंढ्या मागून आणल्यात घरोघर." त्यांनी पिशवी पुन्हा खांद्याला लावली. "चारची गाडी हाय न्हवं?"

 ते या गाडीनं गेले असते तर पुन्हा आले नसते, हे मला कळत होतं, आणि त्यांना बोलवायला आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं खरं-खोटं काहीच शिल्लक नव्हतं.

कौसल्या मात्र पदर खोचून पुढं झाली. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते. "मामा," ती म्हणाली, "जायचं तर जा. पण एक खरंच आजारी हाय. तिला बघून तरी जा."

आजारी जनावर आहे म्हटल्यावर अण्णांचा पाय उचलत नाही. ते परसात गेले. कोपऱ्यातल्या पाटीत लंगडी तांबडी अंग फुगवून बसली होती. अण्णा उकिडवे बसले, पंखाखाली हात घातला, तिनं टोच मारली तरी काढला नाही.

"तापलीय," ते म्हणाले. "किती दिस?"

"खुडूक बसलीया, मामा. अंडी उबवायला. एकवीस दिसात पिल्लं निघायला पायजेत, पंचवीस झाले. खात न्हाई, पीत न्हाई, उठत न्हाई."

अण्णांनी एक अंडं काढून कानाशी हलवलं. मग परसभर नजर फिरवली, एकदा, दोनदा. आणि त्यांच्या कपाळावर ती आठी आली, जी मुक्या जनावराच्या मालकाचा गाढवपणा सापडला की यायची.

"वळू कुठंय?"

"काय?"

"आरं वळू! बारा माद्या हायेत तुझ्या दारात आन् नर एक बी न्हाई. काय बे, वाऱ्यानं गाभण राहतेत का ह्या?"

आता सुपरवायझर बाईंनी हेही सांगितलं होतं. नुसती अंडी हवी असतील तर कोंबडा नको, पिल्लं हवी तर लागेल. त्या वेळी मी बहुधा सुतळी मोजत होतो. ती बिचारी तांबडी पंचवीस दिवस रिकाम्या अंड्यांवर जीव लावून बसली होती. अण्णांनी एकेक अंडं तिच्याखालून काढलं, इतक्या हळू, की ती ओरडली सुद्धा नाही. तोवर चारची गाडी निघून गेली. ती आम्ही तिघांनीही ऐकली.

दुसऱ्या दिवशी गेवराईचा बाजार. अण्णांनी कोंबडा निवडायला जेवढा वेळ लावला तेवढ्यात लोकांनी लग्नं जमवली असती. चाल बघितली, छाती बघितली, पाय उचलून खूर शोधले. शेवटी चोच उघडून आत बोट घातलं.

"बाबा, काय बघता?" विकणारी म्हणाली.

"दात. किती दाती हाय?"

आख्खा बाजार हसला. अण्णाही हसले, आई गेल्यापासून मी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी त्या कोंबड्याबरोबर दोन गावरान कोंबड्याही घेतल्या, कारण विकणारीनं शपथेवर सांगितलं, की ह्या जातीला खुडूक बसायचं भारी वेड.

कोंबडा आल्यावर नवी अंडी जमायला आठ-दहा दिवस गेले. मग अण्णांनी एकेका अंड्यावर कोळशाची रेघ ओढून एक गावरान बसवली. "गायीला नऊ म्हयने आन् हिला एकवीस दिस?" अण्णा म्हणाले. "एवढं बघूनच जातो." एकविसाव्या दिवशी सकाळी पाटीतून चिवचिव आली आणि अण्णा चहा सोडून पळाले. अकरातली नऊ निघाली. मी लोकांना तेरा सांगतो.

पुढं पाऊस झाला. गावाहून निरोप आला, पेरणीला या. अण्णा गेले, चुलतभावाच्या बैलांनी पेरून घेतलं आणि सहाव्या दिवशी हजर. घरात दिवा लावला, गोठा झाडला म्हणाले, पण इथली दुसरी कोंबडी आज-उद्या मोकळी होणार होती. "हिचं होऊस्तोवर थांबतो." तेव्हापासून पिशवी खुंटीला भरलेलीच आहे. फक्त दर वेळी निघायच्या आधी कुणीतरी खुडूक बसलेलीच सापडते.

आता कबूल करतो. ते आपोआप सापडत नव्हतं. एका पाटीतली पिल्लं निघायला दोन दिवस उरले, की मी ड्युटीवरून येताना कुणाच्या तरी घरची अंडी टॉवेलात लपवून आणायचो आणि दुसऱ्या कोंबडीखाली सारायचो. सहा-सात वेळा केलं.

परवाच्या संक्रांतीच्या आधी असाच गेलो. उजाडलं होतं, टॉवेलात नऊ अंडी. कोंबडी फुसफुसली, मी तिला जरा उचललं. खाली अकरा अंडी आधीच होती. प्रत्येकावर कोळशाची एक आडवी रेघ. आमच्या घरात अंड्यावर कोळशानं खूण करणारा माणूस एकच आहे.

माझी नऊ अंडी मी तशीच घरात नेली. कौसल्येनं त्यांची पोळी केली. अण्णा खाता खाता म्हणाले, "आज एवढी अंडी कावून?"

"कोंबड्या खुशीत हायेत," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले, आणि ताटात बघत राहिले.

गावाकडची मंडळी विचारतात, बाप-लेक परत कधी येणार? इकडं आलेले विचारतात, तुमचं घर नक्की कुठलं? मला वाटतं, जिथून निघतो निघतो म्हणायचं आणि निघायला मन होत नाही, ते घर. अण्णा तर अजून सगळ्यांना हेच सांगतात, की मी हितं पाहुणा हाय, एकवीस दिवसांसाठी आलोय.

तेव्हा मंडळी, आम्ही येतोच. सध्या एक कोंबडी बसलीय. तेवढं झालं की निघतो.