कडक भाकरीवर चालणारा पंजा

मंगळवारी अविनाश गेला. तो माझा नवरा होता. आमच्या सोलापूरच्या लॅबमधला रोबोटचा पंजा त्याने बनवला होता. सॉफ्टवेअर माझं होतं.

मी न्यूरोसायंटिस्ट, म्हणजे मेंदूचा अभ्यास करते. पॅरालिसिसमुळे बोटं लुळी पडलेल्या हातावर हा पंजा चढवायचा आणि डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालायची. पेशंटने मनात मूठ मिटायचं ठरवलं, की मेंदूत बारीकशी वीज हलते. सॉफ्टवेअर ती ओळखतं आणि पंजा मूठ मिटतो.

आमचे पेशंट मल्लेशमामा. एमआयडीसीत टॉवेल विणायच्या मागावर कामाला होते. त्यांना चहा स्वतःच्या हाताने प्यायचा होता, कारण बायको, नरसम्मा, चहा पाजताना बोलायच्या फार.

तेराव्यानंतर मी कामावर आले. दुःखाच्या घरी बाहेरून डबा द्यायचा, ही आपली रीत. नरसम्मा ती लॅबमध्येच पाळू लागल्या. रोज कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

"खावा की मॅडम. माणूस गेलं म्हणून पोट जातंय व्हय?"

मला घास उतरत नव्हता. डबा मी बाजूला सरकवायचे. मग सॉफ्टवेअरला शिकवायच्या रेकॉर्डिंगमध्ये स्क्रीनवर 'मूठ मिटा' आलं, की नरसम्मा मामांच्या तोंडात त्याच भाकरीचा तुकडा भरायच्या. मेहनतीचं बक्षीस म्हणून. मी आपली आलेखाकडे बघत बसलेली.

रिझल्ट इतके छान आले की हेड डॉक्टरांनी डेमो ठेवला. चालला तर पंजा मामांच्या घरी, नाहीतर कपाटात.

डेमोला डॉक्टरांनी खायला बंदी केली. पंजा हलेना.

"मामा, नीट विचार करा," मी म्हटलं.

"करालोय की! डोकं दुखालंय!"

"कसला विचार करताय?" डॉक्टरांनी विचारलं.

"भाकरीचा."

नरसम्मांनी पदराआडून तुकडा काढून त्यांच्या तोंडात सारला. कुर्रर्र. पंजा मिटला. मामा चावत राहिले, पंजा उघडझाप करत राहिला.

"हा मेंदू आहे का दात?" डॉक्टर म्हणाले.

"दात, सर."

जबड्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी जोरकस असते. माझं सॉफ्टवेअर विचार नव्हे, चावणं शिकलं होतं. मला हसू फुटलं. अविनाश गेल्यापासून पहिल्यांदाच. ते थांबेना.

"म्हणजे कपाटात," डॉक्टर म्हणाले.

"का म्हणून?" नरसम्मा उसळल्या. "दातानं हलू दे नाहीतर मेंदूनं. चहा पोटात गेल्याशी काम."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि बसले. दात आवळले की मूठ मिटेल, सोडले की उघडेल, असं मी करून दिलं. मामांनी कप उचलला, ओठाशी नेला आणि प्यायला तोंड उघडलं. कप मांडीवर.

"अय्यो! माझ्या हातनं कधी सांडलं होतं का?" नरसम्मा म्हणाल्या.

चहा गार होता, हे नशीब. मी पुन्हा बदल केला. एकदा दात आवळले की मूठ मिटते, पुन्हा आवळले तरच उघडते. मामांनी दुसरा कप संपवला. नरसम्मा चक्क गप्प बसल्या. डॉक्टरांनी पंजा घरी न्यायला सांगितलं.

सॉफ्टवेअर आपण शिकवू ते शिकत नाही, खोलीत चाललेलं असतं ते शिकतं.

पंजा मामांकडे आहे. जेवताना काढून ठेवतात. अविनाश नाही. डबा अजून येतो. मी खाते.