पहिला बॉल कुणाचा

तायडेभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिज उघडायचे. चपला दारात काढायच्या आणि सरळ किचनमध्ये. मेकॅनिक बॉनेट उघडून बघतो तसं वाकून बघायचे, दार हळू लावायचे आणि म्हणायचे, "चाय ठेव." माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं माणूस उपाशी आहे. मी पोळी-भाजी पुढे केली. ती त्यांनी गुमान खाल्ली आणि हात धुताना म्हणाले, "मी खायसाठी नाही पाहून राहिलो बे. मानूस खोटं बोलते. फ्रिज नाही बोलत."

अमरावतीकडचे. तिकडे कॉलेजच्या टीममधून सॉफ्टबॉल खेळलेले. इथे परदेशात, मनुरेवा नावाच्या उपनगरात, खोके बनवायच्या फॅक्टरीत मशीन दुरुस्त करायचे. साठीला आलेले, बायको वारलेली, छोट्याशा युनिटमध्ये एकटे राहायचे. रविवारची बेसबॉल टीम त्यांनी जमवली होती. आमची ग्रेड सगळ्यात खालची. त्याच्या खाली फक्त शाळेची पोरं, आणि ती आम्हाला हरवायची.

मी नववी नापास. तीही दोनदा, म्हणजे शाळेने मला सोडलं, मी शाळेला नाही. इथे तंदूरवाला म्हणून आलो, हॉटेल बंद पडलं, आता कोल्ड स्टोअरमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. टीममध्ये मी राइट फील्डला. राइट फील्ड म्हणजे पंगतीतली शेवटची जागा, वाढपी तुमच्यापर्यंत येतो तोवर भांडं रिकामं झालेलं असतं. सहा वर्षांत माझ्याकडे जेवढे बॉल आले त्यातले निम्मे मी सोडले आणि उरलेले मला लागले. मी पिंपरीचा. तायडेभाऊ मला नावाने हाक मारत नसत. म्हणायचे, "पिंपरी, सरक मागं."

तर त्यांची एक पद्धत होती. सीझनच्या पहिल्या मॅचला पहिला बॉल कोण टाकणार, हे ते एकटे ठरवायचे. आणि त्या मॅचला समोर बसून बॉल पकडणारा कॅचर ते स्वतः, गुडघे कुरकुरत असले तरी. मॅच झाली की टीमची निळी चिली बिन उघडायची, ज्यात आम्ही बर्फ नि कोल्ड्रिंक ठेवायचो ती, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने त्या पिचरचं, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचं, नाव लिहायचं. मराठीत. सामोअन सिओनेचं नावही मराठीत. सिओने त्याचा मोबाइलवर फोटो काढून आईच्या फोटोशेजारी ठेवून होता.

पहिल्या वर्षी तो सिओनेच होता. दुसऱ्या वर्षी गुरप्रीत, तिसऱ्या वर्षी हेमी, चौथ्या वर्षी माउंट रॉस्किलचा अनिल जोशी, पुढे आणखी दोघे. हा अनिल आयटीतला, त्याचा बॉल कॅचरपर्यंत टप्पे खात जायचा. सीझनची पहिली मॅच आम्ही दर वर्षी हरायचो. मला कळेना. चांगले हात असलेली दोन पोरं बाकावर बसवून हा माणूस बॉल अनिलला का देतो?

सिओनेने सांगितलं. एकदा सामान गाडीत भरताना म्हणाला, "तुला खरंच माहीत नाही, ब्रो? त्या वर्षी माझी आई गेली आणि माझ्याकडे तिकिटाला पैसे नव्हते." मग मी एकेक नाव आठवत गेलो. गुरप्रीतचा व्हिसा नाकारला होता. हेमीचं बाळ आठ दिवसांचं होऊन गेलं होतं. अनिलची नोकरी सुटली होती नि त्याने चार महिने घरी सांगितलं नव्हतं, रोज बॅग घेऊन लायब्ररीत बसायचा. तायडेभाऊ थंडीभर, इथे ती जून ते ऑगस्ट, घरोघर फ्रिज उघडत फिरायचे ते याच्यासाठी. ज्याचा हिवाळा सगळ्यात वाईट गेला, त्याला पहिला बॉल.

मी भाऊंना विचारलं तेव्हा ते ग्लोव्हला तेल लावत होते. म्हणाले, "पिचरच्या मागं सात जन उभे असते. समोर एक. बाकी सालभर त्याले वाटते का आपन एकटेच आहो. एक दिवस तं त्याले मागं वळून पाहू दे."

एखादा शहाणा माणूस हे ऐकून गप्प झाला असता. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, सहा वर्षं झाली, माझा नंबर कधी? माझा प्रॉब्लेम असा की माझं सगळं बरं चाललं होतं. बायको मनीषा म्हाताऱ्यांच्या रेस्ट होममध्ये कामाला, मुलगी ऋचा शाळेत पहिली येणारी, भाडं वेळेवर. असल्या घरातल्या माणसाचं नाव झाकणावर कधी येणार?

सप्टेंबरच्या शेवटी शाळेला सुट्टी लागली. मनीषा ऋचाला घेऊन पामर्स्टन नॉर्थला बहिणीकडे गेली. मी फ्रिज रिकामा केला. दूध, दही, भाज्या, मनीषाने दोन आठवड्यांसाठी डब्यांत भरून ठेवलेल्या आमट्या, सगळं सिओनेच्या गॅरेजमधल्या फ्रिजात नेऊन ठेवलं. आत राहू दिला अर्धा कांदा आणि सॉसची बाटली, तीही उलटी. सिओने म्हणाला, "हे बरोबर नाही." पण आमटी त्यानेच संपवली.

तायडेभाऊ आले. फ्रिज उघडला. बराच वेळ वाकून बघत राहिले. मी मान खाली घालून म्हणालो, "मनीषा गेली, भाऊ."

"कुठं गेली?"

"गेली."

त्यांनी दार लावलं. चहा सांगितला नाही. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला, तो खूप हलका लागला. मला वाटलं दुःखाने हलका झालाय. आठवडाभराने फोन आला, "पिंपरी, ये. बॉल घेऊन जाय."

मी उड्या मारत गेलो. गेल्या गेल्या गंमत म्हणून त्यांचाच फ्रिज उघडला. आत लाल-पिवळ्या जेलीचे कप ओळीने लावलेले, कस्टर्ड, आणि व्हॅनिलाच्या दुधाच्या बाटल्या. ना भाकरी, ना ठेचा. मी म्हणालो, "भाऊ, नर्सरी उघडली काय?" ते हसले. मी दोन जेल्या तिथेच उभ्या उभ्या खाल्ल्या. एक लाल, एक पिवळी. तिसरी बरोबर घेऊन आलो. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवीन भोक पाडलेलं होतं तेही दिसलं मला. विचारलं, "डाएटिंग का?" म्हणाले, "हो बे. लगन करा लागते आता."

सहा वर्षं त्यांच्याबरोबर राहून फ्रिज वाचायला शिकलो होतो म्हणे मी.

मॅचच्या दिवशी मी मधल्या मातीवर उभा राहिलो. समोर भाऊ, तोंडावर जाळी. पहिला बॉल त्यांच्या डोक्यावरून गेला. दुसरा जाळीवर लागला. एरवी शिवी आली असती, त्या दिवशी नुसता हात वर केला, परत टाक म्हणून. पहिल्या इनिंगमध्येच मी इतके रन दिले की स्कोअर लिहिणाऱ्या बाईने पेन्सिलीला टोक काढलं. मग मला आठवलं, मागे वळून बघायचं असतं. वळलो. मागे सात जण उभे होते. गुरप्रीतचे डोळे भरलेले. अनिल छातीवर हात ठेवून मान हलवत होता, की मी आहे. सिओने एकटा जमिनीकडे बघत होता. त्या क्षणी मला कळलं की मी काय चोरलंय. पण बॉल हातात होता, तो टाकावाच लागतो.

इनिंग संपल्यावर भाऊंनी ग्लोव्ह सिओनेला दिला आणि चिली बिनवर जाऊन बसले. पहिल्या मॅचला ते कधी मधेच उठले नव्हते. आम्हाला वाटलं, गुडघे.

आणि तेवढ्यात पार्किंगमधून मनीषा आली, बहिणीकडून थेट. बरोबर ऋचा, हातात बटाटेवड्यांचा मोठा डबा. "भाऊंनी बोलावलं," ती म्हणाली, "म्हणाले संतोष पहिला बॉल टाकतोय, घरचं कुणीतरी पाहिजे." ऋचा सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, व्हाय इज अवर डबा इन सिओने अंकल्स कार?"

गुरप्रीतने मला मैदानाभोवती पळवलं. सगळे हसले, अनिल सोडून. तायडेभाऊ पण हसत होते, आवाज न करता. मनीषाने त्यांना वडा दिला. त्यांनी तो टिश्यूत गुंडाळून खिशात ठेवला. "घरी खातो, वहिनी." मग झाकण उलटं करून माझं नाव लिहिलं. मी म्हणालो, "भाऊ, नका लिहू." ते म्हणाले, "टाकला ना तू? मंग?"

तीन आठवड्यांनी ते कामावर पडले. अन्ननलिकेचा कॅन्सर. त्यांना ऑगस्टपासून माहीत होतं. घन खाणं जूनपासूनच उतरत नव्हतं. अख्खा हिवाळा हा माणूस आमचे फ्रिज उघडत, आमच्या चहाचे दोन घोट कसेबसे गिळत फिरत होता, आणि आमच्यातल्या एकानेही त्याचा फ्रिज उघडला नाही. उघडला तो मी. आणि जेली खाल्ली.

हॉस्पिटलमध्ये गेलो तेव्हा आवाज जवळजवळ गेला होता. कान जवळ न्यावा लागायचा. मी रडायच्या बेतात होतो, पण मला रडायला पण नीट जमत नाही, शिंका येतात. शिंकत शिंकत मी विचारलं, "भाऊ, तुम्हाला कळलं होतं ना मी खोटं बोलतोय?"

"त्याच संध्याकाळी वहिनीले फोन लावला होता."

"मग बॉल मला का दिला? तो तुमचा होता या वर्षी."

त्यांनी मला बोटाने आणखी जवळ बोलावलं.  मग म्हणाले, "ज्याले भरलेला फ्रिज रिकामा करा लागते, का कोनी तं इचारन म्हनून, त्याची हालत लय खराब असते बे." पुढे म्हणाले, "सहा सालं तुले कोनी इचारलंच नाही. मी बी नाही. तू हसवत राहत होता."

"आणि तुम्हाला कुणी विचारलं?"

"तू इचारलं ना. नर्सरी उघडली काय म्हनून." आणि हसले. हसताना त्यांना दुखलं, म्हणून नर्सने मला बाहेर काढलं. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं ते. नंतर दोनदा गेलो, पण तेव्हा ते बोलत नव्हते.

ख्रिसमसच्या आधी गेले. युनिट रिकामं करायला मी आणि सिओने गेलो. फ्रिज मी केला, दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. जेलीच्या ओळीत पुढच्या तीन जागा तशाच मोकळ्या होत्या. फ्रीजरमध्ये टिश्यूत गुंडाळलेला बटाटेवडा होता, दगडासारखा.

चिली बिन आता माझ्याकडे असते. त्या दिवशी घरी आणल्यावर मी झाकण उलटं केलं, थिनर घेतला, फडकं घेतलं. माझं नाव पुसून तिथे त्यांचं लिहायचं होतं. सिओने दारात उभा होता. म्हणाला, "त्याने लिहिलंय ते. तू पुसणार?"

मी फडकं ठेवून दिलं. आता दर रविवारी सरावाला कुणी ना कुणी कोल्ड्रिंक मागतं, मी झाकण उघडतो, आणि त्यांच्या अक्षरात माझं नाव वर येतं. खाली जागा आहे. पुढचा सीझन दोन महिन्यांवर आलाय. काल गुरप्रीतकडे गेलो होतो. चपला दारात काढल्या आणि सरळ किचनमध्ये गेलो.