पिस्टन कुठला घालायचा

"माझ्या मशीनला लोकल पिस्टन? अरे, तुला माणूस म्हणावं की काय?" लाकडं कापायच्या मशीनवरच माझं पोट, म्हणून मी एवढा ओरडलो की रस्त्यापलीकडच्या आंब्याचा मोहर गळला. "मी नुसतं विचारलं, कुठला घालू," म्हणत गणू मेस्त्रीने दाराकडे बोट दाखवलं. तिथे तो जळलेल्या पिस्टनांची माळ लिंबू-मिरचीसारखी टांगतो. सगळे लोकल. मी ओरिजिनलच घेतला.

घरी येताना वाटलं, माणसाचा जीव कशात आहे ते ओळखायचं, तर तो अस्सल वस्तू कुठे बसवतो ते बघावं. हे मी बायकोला मोठ्या ऐटीत ऐकवलं. ती लंगडत गॅसपाशी गेली आणि चहा गाळत म्हणाली, "माझा गुडघा बदलताना तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, लोकल चालेल."