फाइलींतून परतलेले सर

सोनकांबळे सर कुठलीही फाइल आधी उलटी धरून बघायचे. विभागात नवा आलेला कारकून हमखास दचकायचा. साहेबांना इंग्रजी वाचता येत नाही की काय, अशी कुजबुज व्हायची. सर मात्र डोळे बारीक करून टिपणीचे परिच्छेद न्याहाळत आणि म्हणत, "डावीकडं फार गर्दी झाली बघा. इथं कुणीतरी कायतरी लपवलंय." गंमत म्हणजे पुष्कळदा खरंच लपवलेलं असायचं.

ही खोड चित्रकाराची. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा आमची रेखाटनंही ते उलटी करायला लावत. "सुलटं चित्र तुमच्याशी लाडीगोडी करतं," ते सांगत, "उलटं केलं की खरं बोलतं." खोडरबर तर त्यांच्या वर्गात चोरटा माल होता. चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि शेजारी दुसरी ओढायची. "पहिलीला लाज वाटू द्या. आपोआप मागं सरती."

सर मूळचे धर्माबादकडचे. वडील रेल्वेत, रुळांच्या कामावर. त्यांच्या बदलीबरोबर कुटुंब हैदराबादेत आलं आणि सर नामपल्ली स्टेशनाच्या फलाटावर गाडीची वाट बघणारी माणसं कोळशाने काढत मोठे झाले. घरी मराठी, गल्लीत दख्खनी उर्दू, वर्गात इंग्रजी आणि चिडले की तेलुगू. मी हैदराबादच्याच बरकतपुऱ्यातली. वर्गात पहिल्याच दिवशी माझं आडनाव वाचून म्हणाले, "पाटीलबाई का? या, या. काय काढलाव ते दाखवा." अठरा वर्षांच्या मुलीला 'बाई' म्हणणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मला ते इतकं आवडलं की मी सहा वर्षं विद्यापीठात त्यांच्याकडे चित्रकला शिकले आणि पुढे त्यांच्याच विभागात नोकरीला लागले.

तोवर सर विभागप्रमुख झाले होते. मग अधिष्ठाता झाले. मग राज्याच्या एका कला संस्थेचं सचिवपद 'तात्पुरतं' म्हणून त्यांच्या गळ्यात पडलं आणि तिथेच राहिलं. एकूण नऊ वर्षं त्यांनी सहीखेरीज कागदावर रेघ ओढली नाही. नल्लकुंट्यातल्या घरी माडीवर त्यांची चित्रांची खोली होती, तिच्यात वार्षिक अहवालांचे गठ्ठे चढत गेले. मी विचारायचे, "सर, पुन्हा कधी काढणार?" उत्तर ठरलेलं असायचं. "ही एक फाइल निघू दे." ती निघायची आणि तिच्या जागी दुसरी यायची. एकदा मात्र ते नेहमीसारखे हसले नाहीत. उजवा हात समोर धरून म्हणाले, "पाटीलबाई, खरं सांगू? आता भीती वाटती. हात विसरला असंल तर?" मी काहीतरी उडवाउडवीचं बोलले. त्याची मला अजून लाज वाटते.

त्यांची शेवटची फाइल बालम्माची.

नव्वदचं दशक होतं. देशात सगळं खुलं होत होतं, जाहिरात कंपन्या पोरांना शेवटच्या वर्षातूनच उचलून नेत होत्या आणि विद्यापीठाला संगणकांची घाई झाली होती. त्यांच्यासाठी नजर गेली आमच्या मॉडेलच्या खोलीवर, म्हणजे समोर बसलेल्या माणसाचं रेखाटन जिथे शिकवायचं त्या खोलीवर. उत्तरेकडे भिंतभर खिडक्या, दिवसभर सारखा उजेड. आणि समोर बसणारं माणूस म्हणजे बालम्मा. वय पन्नाशीचं, कपाळावर ठसठशीत कुंकू, सोळा वर्षं रोजंदारीवर. मॉडेल असं पदच विद्यापीठात नव्हतं, म्हणून हजेरीपटावर ती 'पाणी भरणारी' होती. खोली गेली की तीही जाणार हे उघड होतं.

खरं सांगायचं तर मीसुद्धा संगणकांच्या बाजूची होते. सर तडक कुलगुरूंकडे गेले. "साहेब, संगणकाला उजेड सोसत नाही, तुम्ही पडदे लावणार. मग त्याला कोठीची खोली द्या की. उजेड पोरांना राहू द्या." संगणक कोठीत गेले आणि बाहेर चपला काढून आत शिरायची पद्धतही रुळली. खोली वाचली. बालम्माचं तेवढं राहिलं होतं. निवृत्तीला चार महिने उरले असताना सरांनी तिला कायम करण्याची फाइल हलवली.

छाननी समितीपुढे काय बोलायचं ते सरांनी तिला पढवून ठेवलं होतं. पाणी भरते म्हण, बाकी काही बोलू नकोस. मी टिपणं घ्यायला कोपऱ्यात बसले होते.

"क्या काम करते तुम?" अध्यक्षांनी विचारलं.

"बैठती, साब," बालम्मा म्हणाली.

"और पानी?"

"पानी नल से आता ना साब. मैं बैठती. सोला साल से."

वित्त अधिकारी मोठ्यांदा हसले. "बैठने का काम तो हम भी करते!"

माझा पेन थांबला. वाटलं, संपलं सगळं. सर उठले, त्यांनी एक खुर्ची मधोमध ओढली आणि वित्त अधिकाऱ्यांनाच म्हणाले, "आइए साब. दस मिनट बैठो. हिलना नक्को, बस." बिचारे हसत हसत बसले. दुसऱ्या मिनिटाला त्यांचं नाक खाजलं, तिसऱ्याला मान अवघडली, चौथ्याला "ये क्या मजाक है" म्हणत ते उठले. बालम्मा भिंतीपाशी उभी होती ती तशीच उभी होती, तसूभरही हलली नव्हती. अध्यक्षांनी तिच्याकडे बघितलं आणि फाइल पुढे ओढली. पद मंजूर झालं, तेही 'मॉडेल' या नावानेच.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी सर काखेत चित्राची फळी घेऊन माझ्या वर्गात आले आणि शेवटच्या बाकावर बसले. बालम्माने बैठक जमवली. सरांनी कोळसा उचलला, रेघ ओढली. रेघ कापत होती. दुसरी ओढली, तीही कापली. तास संपला तेव्हा कागदावर बालम्मा नव्हती, नुसता रेघांचा गुंता होता. सर मान वर करत नव्हते.

तास संपला की सगळ्यांचे कागद बघत फिरायची बालम्माची सवय होती. पाय झटकत, पोरांना टोमणे मारत ती शेवटच्या बाकापाशी आली. थोडं वाकून बघितलं.

"हात अटक गया सर," ती म्हणाली. "परेशान नक्को हो. कल आओ. मैं बैठती."

सर दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्याही. सात महिने येत राहिले, माझ्या विद्यार्थ्यांच्याही आधी. बालम्मा रोज कागद बघायची आणि म्हणायची, "नै सर, अब्बी नै." दोन दोन कार्यालयं चालवलेला माणूस गुमान "हौ" म्हणून कागद गुंडाळायचा. मला कधी कधी बालम्माचा राग यायचा. दोन गोड शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं?

मग एका सकाळी ती त्यांच्या कागदापाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. मानेपासून खांद्यावरून कोपरापर्यंतची रेघ सरांनी एका दमात उतरवली होती.

"ये मैं हूँ," ती म्हणाली. मग जरा जवळ वाकून, "ये मैंच हूँ, सर."

सर चष्मा काढून तो सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. मी फळ्याकडे तोंड केलं.

सर पुढे तीन वर्षं जगले आणि शेवटच्या आजारपणापर्यंत रोज काढत होते. ते गेल्याची बातमी वर्तमानपत्रात चार ओळींत आली. 'कुशल प्रशासक आणि कलासंस्थांचे आधारस्तंभ.' मी ती वर्गात बालम्माला वाचून दाखवली, अर्थ सांगितला. बालम्मा भडकली.

"झूट लिखे," ती म्हणाली. "सर तस्वीर उतारते थे. मैं सामने बैठती थी ना, मेरेकू मालूम."